पाण्याने वेढलेली माणसे : मॉरिशस बेटाचा मानवी भूगोल

भूगोलाच्या तासाला सरांनी एकदा सहज विचारले, "तुमच्यापैकी समुद्र कोणी पाहिला आहे?" वर्गात आम्ही चाळीस-बेचाळीस जण. हात वर आले पाच. बाकी आम्ही सर्वांनी समुद्र पाहिला तो भिंतीवरच्या नकाशातल्या निळ्या रंगात. आणि त्या दिवशीचा पाठ नेमका 'महासागरातील बेटे व तेथील मानवी जीवन' हा होता! भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो; पाण्याला आपण नवखे नाही. पण पलीकडचा काठ दिसत नाही असे पाणी आपल्यातील फार थोड्यांनी पाहिले आहे.

स्वाध्यायासाठी मी मॉरिशस बेट निवडले. कारण साधे होते. तेथे मराठी माणसे राहतात, असे वाचनात आले होते. संध्याकाळी घरी टिपणे काढीत बसले की आजी शेजारी येऊन बसे आणि "का लिवतेस?" असे विचारी. मी सांगू लागे आणि ती प्रश्न करी. तिच्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला. म्हणून प्रस्तुत लेखाची मांडणी त्या तीन प्रश्नांच्या आधारानेच केली आहे.

बेटाची जडणघडण

प्रथम या बेटाची ओळख करून घेऊ. मॉरिशस हे हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस आहे. मुंबईपासूनचे अंतर साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक. आपला जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. म्हणजे विषुववृत्ताचा आरसा धरला तर आपण जवळजवळ समोरासमोर आहोत. फक्त आपल्याकडे उन्हाळा तेव्हा त्यांच्याकडे हिवाळा. बेटाचे क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या साधारण निम्मे. लोकसंख्या मात्र जवळजवळ आपल्याइतकीच! २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ भरली. मॉरिशसचीही १२ लाखांच्या थोडी वरच आहे. आपल्या जिल्ह्यातील सगळी माणसे निम्म्या जागेत आणून बसविली आणि भोवती समुद्र ओतला, म्हणजे मॉरिशसची कल्पना येईल.

हे बेट ज्वालामुखीतून जन्मले. त्याचे वय सुमारे ८० लाख वर्षे. येथे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. भूकवचाच्या खाली काही जागा अतिशय तप्त असतात; त्यांना तप्तबिंदू म्हणतात. तप्तबिंदू जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावरून भूखंड सरकत जातो. महाराष्ट्राचे काळे पठार ज्या लाव्ह्याने बनले, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशाच एका तप्तबिंदूवर बाहेर पडला, आणि पुढे त्याच तप्तबिंदूने मालदीवच्या बुडाचे डोंगर, मॉरिशस व शेवटी रीयुनियन ही बेटे घडविली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण आणि मॉरिशसचा काळा पाषाण ही एकाच चुलीवरची भाकर! आपल्या भंडाऱ्यात मात्र हा लाव्हा जवळजवळ पोचलाच नाही. आपले खडक त्याहून कितीतरी जुने आहेत.

पहिला प्रश्न : गोड्या पाण्याचा

एवढे सांगून झाल्यावर आजीने विचारले, "चारीकडं खारं पानी, मंग पियाले पानी कोटून आनतेत?"

प्रश्न साधा, पण बेटावरच्या मानवी जीवनाचे मूळ त्यातच आहे. महासागरातील बेटे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक ज्वालामुखीची उंच बेटे आणि दुसरी प्रवाळाची सखल बेटे. मॉरिशस पहिल्या प्रकारातले. मध्यभागी पठार आणि डोंगर असल्यामुळे आग्नेयेकडून येणारे वारे तेथे अडतात आणि पाऊस देतात. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर डोंगरामागच्या पश्चिम किनाऱ्यावर १००० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. सह्याद्रीच्या दोन बाजूंना जो फरक आपण शिकतो, तोच येथे काही कोसांत दिसतो. या पठारावर मार-ओ-वाकोआ नावाचा मोठा जलाशय आहे. म्हणजे पाऊस अडवून वर्षभर पुरवायचा. आपल्या कोहळी लोकांनी तलाव बांधताना जो विचार केला, तोच.

प्रवाळाच्या सखल बेटांवर मात्र डोंगर नाही, नदी नाही. आपल्या लक्षद्वीपची सर्व बेटे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती फक्त १० बेटांवर. तेथे पावसाचे गोडे पाणी वाळूतून खाली मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर ते एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट असते, असा हिशेब आहे. विहिरीतून हे पाणी बेताने काढावे लागते. अधिक उपसले की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर कायमची बिघडू शकते. अशा ठिकाणी किती माणसांनी राहावे हे जमिनीवरून नव्हे, तर विहिरीतल्या गोड्या पाण्यावरून ठरते. समुद्राची पातळी वाढत असताना या बेटांवरील लोक चिंतेत आहेत ते केवळ जमीन बुडेल म्हणून नव्हे. जमीन बुडण्याच्या पुष्कळ आधी विहीर खारी होईल, म्हणून.

आजीला हे पटले. "आपल्या बोडीवानीच सांभारून वापरा लागते," ती म्हणाली.

दुसरा प्रश्न : माणसे गेली कशाला?

"येवढ्या दूर लोक गेले तं गेले काहाले?" हा तिचा दुसरा प्रश्न.

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. चारशे वर्षांपूर्वी तेथे घनदाट जंगल होते, डोडो नावाचा न उडणारा पक्षी होता, पण माणसाची वस्ती नव्हती. डच लोक १५९८ मध्ये तेथे उतरले आणि १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. जावा बेटावरून त्यांनी ऊस आणला, हरणेही आणली. सतरावे शतक संपण्यापूर्वी डोडो नाहीसा झाला. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये बेट फ्रेंचांनी घेतले. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून शेती वाढविली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि सर्वत्र उसाचे मळे पसरले. ऊसच का? एक तर साखरेला युरोपात मागणी होती, आणि दुसरे म्हणजे ऊस तुफानाला तोंड देतो. या भागात चक्रीवादळे येतात. १८९२ च्या वादळात हजारावर माणसे मेली. असा वारा झाडे उपटून टाकतो. ऊस लवतो आणि बराचसा पुन्हा उभा राहतो.

१८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळ्यांना मजूर हवे होते. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. ही सुरुवात होती. पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या बेटावर गेले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपयांच्या आसपास मजुरी आणि वर शिधा. इंग्रजीतल्या 'अॅग्रिमेंट' शब्दाचे पुढे 'गिरमिट' झाले आणि अशा मजुरांना गिरमिटिये म्हणू लागले. ते ज्या धक्क्यावर उतरले त्या जागेस आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसास्थळ म्हणून जाहीर केले.

बहुतेक मजूर कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेले. मुंबई बंदरातून गेले ते त्या मानाने थोडे. ते मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतले होते. डोंगर-उताराची तुटपुंजी शेती, खोतांचे देणे आणि दुष्काळ यांनी ते घराबाहेर पडले. सह्याद्रीच्या काळ्या दगडातून उठून ते पुन्हा काळ्याच दगडात गेले! मॉरिशसच्या उसाच्या शेतांत आजही काळ्या धोंड्यांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड आहेत. धानाच्या बांद्यांना धुरे कसे घातले गेले असतील हे जाणणाऱ्या आपल्या लोकांना या ढिगांची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरा प्रश्न : परत का आले नाहीत?

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाच वर्सं झाल्यावर मंग वापस काहून नाई आले?"

या प्रश्नाने मी अडखळले. पाठ्यपुस्तकात निसर्गवाद आणि संभववाद असे दोन विचार आहेत. निसर्ग माणसाचे जीवन ठरवितो, हा पहिला; निसर्ग फक्त शक्यता देतो आणि निवड माणूस करतो, हा दुसरा. समुद्र मध्ये होता म्हणून ते परत आले नाहीत, असे म्हटले तर ते निसर्गवादाचे उत्तर झाले. पण मग प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन लोकांचे काय? त्यांनी जोडहोड्या आणि आधाराला तरंगती दांडी बांधलेल्या होड्या घेऊन, तारे, लाटा आणि पक्ष्यांची उड्डाणे पाहत हजारो मैलांचा समुद्र ओलांडला. हवाईपासून न्यूझीलंडपर्यंतची बेटे त्यांनी वसविली, आणि कित्येक बेटांमध्ये त्यांचे जाणे-येणे पिढ्यान् पिढ्या चालू होते. त्याच भागातील विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये एका निबंधात हेच मांडले. बाहेरच्यांना प्रशांत महासागर म्हणजे अफाट पाण्यातील क्षुद्र ठिपके वाटतात. तेथील लोकांना मात्र पाणी धरून तो सगळा आपलाच प्रदेश वाटत आला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

मग समुद्र पॉलिनेशियनांना वाट झाला आणि गिरमिटियांना भिंत का? उत्तर एवढेच, की होडी पॉलिनेशियनांची स्वतःची होती, जहाज गिरमिटियांचे नव्हते. परतीचा मोफत प्रवास सुरुवातीला करारात होता. पुढे ती सवलत काढून घेण्यात आली. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापत. १८६७ च्या कायद्याने तर करारातून सुटलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना बाळगणे भाग पडले. तो जवळ नसला तर अटक होई. बरेच जण परतलेही. पण त्यांहून अधिक तेथेच राहिले. पुढे साखरेचे भाव उतरले तेव्हा मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे करून विकले. पै पै जमविलेल्या मजुरांनी ते घेतले आणि मळ्यांवरच्या वसाहतींतून गावे उभी राहिली. १८७१ च्या सुमारास बेटावरील प्रत्येक तीन माणसांत दोन हिंदी वंशाची होती. त्यांच्याच वंशजांच्या पुढाकाराने १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले.

पाणी वाट आहे की भिंत, हे पाण्यावर ठरत नाही. होडी कोणाच्या हातात आहे यावर ठरते. हे मी आजीला सांगितले तेव्हा घरात आत्याही होती. ती एवढेच म्हणाली, "हे मले पयलेच मालूम होतं."

यासाठी आमच्या गावाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. आमचे गाव पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आहे. सातवीपर्यंतची शाळा गावात होती. पुढची शाळा पलीकडच्या तीरावर. तेव्हा पूल नव्हता. शेजारच्या ढिवरकाकांचा डोंगा होता. माझे बाबा त्या डोंग्यातून आठवीला गेले, दहावीही झाले. आत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि घरचे सांगतात की अभ्यासात पुढे. पण भर पावसाळ्यात मुलीला डोंग्यातून एकटीला कसे पाठवायचे, म्हणून तिची शाळा सातवीला संपली. नदी तीच, डोंगाही तोच. भावाला ती वाट झाली आणि बहिणीला भिंत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि आमच्या गावाचे खरोखरीचे बेट झाले. तेव्हा लोक म्हणत होते, असे कधी झाले नव्हते. आत्याच्या दृष्टीने ते फार पूर्वीच झाले होते.

काय उरले, काय गेले

मॉरिशसमधील मराठी माणसे आज तेथील लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. बेटातले हे बेटच म्हणावयाचे. दीडशेहून अधिक वर्षांत त्यांचे काय उरले आणि काय गेले?

गणपती उरला. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. पश्चिमेकडील कास्कावेल गाव मराठी वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आणि इतरत्र मूर्ती वाजतगाजत समुद्रात विसर्जित होतात. कोकणातले जाखडी नृत्य तेथे 'झाकरी' या नावाने उरले. नावेही उरली, पण वेगळ्या रीतीने. सरकारी नोंदवहीत पूर्वजाचे जे नाव लिहिले गेले तेच वंशजांचे आडनाव झाले, त्यामुळे मूळ आडनावे आणि गावे पुष्कळांना आठवत नाहीत. नवी जागाही पवित्र झाली. पठारावर ज्वालामुखीच्या मुखात साठलेले एक तळे आहे. १९७२ मध्ये त्यात गंगेचे पाणी मिसळले गेले. आज त्यास गंगा तलाव म्हणतात, आणि महाशिवरात्रीला लाखो लोक तेथे पायी जातात. पवनीच्या घाटावरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

गेली ती रोजची भाषा. बेटावरील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे घरी क्रिओल बोलतात. फ्रेंच मळ्यांवर निरनिराळ्या देशांची माणसे एकत्र आली त्यातून ही भाषा तयार झाली. मराठी तेथे शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून शिकवितात आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. याच संस्थेत गिरमिटियांची जुनी नोंदपुस्तके जपून ठेवली आहेत. त्यांत पणजोबांचे नाव आणि गाव शोधून काही कुटुंबे आता कोकणात येऊन जातात. मोका येथील महाराष्ट्र भवनात एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. जहाज आता आपल्या हातात आले आहे, असे त्यांना वाटत असावे. वाट दुतर्फा झाली की हरवलेले थोडेफार परत मिळते.

वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून करावयाच्या गोष्टी टिकल्या आणि रोज एकेकट्याने बोलावयाची भाषा गेली, हे वाचून मला आपली झाडीपट्टी आठवली. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार आजही रंगते आणि आपण टाळ्या वाजवितो. पण आजी 'डोळा' म्हणत नाही, 'डोरा' म्हणते. 'पाणी' म्हणत नाही, 'पानी' म्हणते. आणि मी महाविद्यालयाच्या फाटकात शिरताना माझी बोली बदलते, हे मी येथे प्रामाणिकपणे कबूल करते. या लेखातही आजीचे बोलणे तेवढे मी तिच्या बोलीत लिहिले. माझे लिहिले नाही. आता नदीवर पूल आहे. त्यावरून मी रोज एस.टी.ने कॉलेजला येते. पण पुलावरून आपण शहराकडे जातो तसे शहरातून आपल्या बोलीला मानाने परत काही येते का, याचा विचार व्हावयास हवा. जहाज थांबल्याने बोली जाते, तशी एकतर्फी वाटेनेही जाते.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या भूगोल मंडळातर्फे दरवर्षी एका गावाचे सर्वेक्षण होते. जमीन, पिके, पाऊस, लोकसंख्या यांचे तक्ते आपण भरतो. त्यात यापुढे आणखी एक तक्ता असावा. गावाच्या वाटेत कोणते पाणी आहे, ते ओलांडावयाचे साधन कोणाच्या हाती होते, आणि कोण ओलांडू शकले व कोण नाही. सरांनी अनुमती दिल्यास यंदाचे सर्वेक्षण आमच्या गावी करावे. पहिली नोंद माझ्या आत्याची घेता येईल. माहिती द्यायला ती तयार आहे, मी तिला विचारले आहे.